कार्ड लावल्यावर फवारा

वालूरच्या सिद्धलिंगअप्पांना बंद वस्तू बघवत नसे. घरातलं घड्याळ मागं पडायला लागलं की दुकानात न्यायच्या आधी ते अंगणात घोंगडी टाकून त्याचं पोट उघडून बसत. सुनेच्या, वैजयंतीच्या, माहेरून आलेला मिक्सर त्यांनी पहिली चटणी वाटायच्या आत खोलून पाहिला होता. जोडताना एक स्क्रू उरला. मिक्सर चालला, पण हा स्क्रू कुठला होता, हे काही अप्पांच्या मनातून गेलं नाही. त्यांची बायको बसम्मा म्हणायची, या माणसाला जमलं असतं तर लग्न झाल्या झाल्या यानं मलाही एकदा खोलून बघितलं असतं.

गेल्या भादव्यात त्यांच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या गच्च मिटून राहतात, त्याला डोमकळी म्हणतात. लोक डोमकळी दिसली की तोडून टाकतात. अप्पा एकेक कळी नखाने उकलून आतली अळी बघत बसायचे आणि मुलगा शिवकांत फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन त्यांच्या उठण्याची वाट बघत उभा राहायचा. त्याच सुमारास परभणीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी गावात आली. बोंडअळीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारे बारीक किडे असतात, ते कागदी कार्डावर चिकटवून मिळतात. कार्डाचे तुकडे पानाच्या खालच्या बाजूला टाचायचे, किडे बाहेर पडतात आणि अळी जन्मायच्या आधीच संपते. कपाशीच्या थोड्या तासांत, म्हणजे ओळींत, कार्डं लावायची, शेजारच्या तासांत काहीच करायचं नाही, आणि शेवटी दोन्हीकडची बोंडं फोडून बघायची, असा प्रयोग करायला त्यांना रान हवं होतं. अप्पांनी ते पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. आधी हो म्हणाले.

एक तुकडा त्यांनी काचेच्या बरणीत ठेवला आणि बसम्माचा चष्मा लावून रोज बघत राहिले. राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक किडे बाहेर आले तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. वैजयंतीला काही दिसलं नाही, पण सासरा इतका आनंदला होता की तिने दिसलं म्हणून सांगितलं.

शेजारचा बन्सीधर स्वभावाने भला माणूस. अप्पांची ती बिनऔषधाची तासं अळी खात असताना त्याला बघवेना. स्वतःच्या रानात फवारा मारता मारता तो बांध ओलांडून आला आणि अप्पांच्या तासांवरूनही एक हात फिरवून गेला, कार्डाच्या आणि बिनकार्डाच्या, दोन्ही. वर कुणाला बोलला नाही. पानांवरचा वास अप्पांना दुसऱ्या दिवशी आला. कार्डावरचे किडे मेलेले होते. विद्यापीठातली शिकाऊ मुलगी बिचारी बांधावर डोळे पुसत बसली, कारण तिचं वर्षभराचं काम गेलं होतं. अप्पा तसे कुणाला टाकून बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी बन्सीधरला चार माणसांत सुनावलं.

"मारलं ते मारलं, पन सांगायचं तर होतं. आता ह्या रानातून जे काय कळंल ते सगळं खोटं हाय."

त्यानंतर कार्ड लावल्यावर फवारा मारायचा नाही, हे अप्पा गावभर सांगत सुटले. पारावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. लोक कंटाळले, पण सगळ्यांचं ते पाठ झालं.

कापूस वेचणीला आला तशी अप्पांची भूक मेली. दोन घास खाल्ले की पोट दगडासारखं व्हायचं. आधी पित्त म्हणून काढलं, मग उलटीत काळं पडायला लागलं. परभणीला दुर्बीण टाकली. नळी घशात असतानाही अप्पांची मान पडद्याकडे वळत होती, कारण आपलं पोट आतून बघायला मिळणार होतं. गुलाबी, ओलसर, आणि एका कोपऱ्यात उकरल्यासारखी जागा. त्यांना ती डोमकळी उकलल्यावर दिसते तशी वाटली. तपासायला घेतलेल्या तुकड्याचा निकाल आला त्या दिवशी शिवकांत दवाखान्याच्या फाटकाशी तोंड फिरवून रडला. ते बघितल्यावर मात्र अप्पा तिथल्याच पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. अप्पांच्या घरात लहानपणापासून गळ्यात इष्टलिंग असतं, ते अंगावरून उतरवत नाहीत. नर्सने चांदीची पेटी काढायला सांगितली तेव्हा बसम्माने पेटी स्वतःकडे घेतली आणि आतलं लिंग फडक्यात गुंडाळून त्यांच्या दंडाला बांधून दिलं. जठराचा बराच भाग काढला. काढलेला भाग शिवकांतला दाखवला. तो कसा होता, हे त्याने बापाला कधीच सांगितलं नाही आणि यावरून अप्पा त्याच्यावर अजूनही नाराज आहेत.

जखम भरल्यावर राजेश्री मॅडमनी त्यांना बोलावलं. कॅन्सरच्या डॉक्टर, वयाने शिवकांतएवढ्याच, बोलणं सावकाश. त्यांनी सांगितलं की पोटाजवळच्या गाठींतही आजार पोचला होता. डोळ्यांना न दिसणारं काही उरलं असेल, त्यासाठी गोळ्या घ्यायच्या. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुटी, पुन्हा गोळ्या, असं बरेच महिने. आणि दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. काही पेशंटना नुसत्या गोळ्या, तर काहींना गोळ्या आणि त्यांच्याच रक्तातल्या पेशी. रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतातच. त्या थोड्या बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, तयार करायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. कुणाला काय मिळेल ते कॉम्प्युटर ठरवणार होता. याने फायदा होतो का, ते अजून पक्कं माहीत नाही, हेही मॅडमनी दोनदा सांगितलं.

शिवकांत घाबरून गेला. अप्पा खुर्चीत पुढे सरकले. आजारानंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर ते घड्याळ उघडतानाचं हसू आलं. बाहेर पेशी कशात ठेवता, त्या खातात काय, वाढल्या हे कळतं कसं, दुसऱ्याच्या पेशींत मिसळल्या तर, असं विचारून त्यांनी मॅडमचा निम्मा तास घेतला. मॅडमनीही सगळं सांगितलं. त्यांना असा पेशंट बहुधा भेटला नसावा. शेवटी अप्पांनी मनात घोळत असलेलं विचारलं.

"गोळी म्हंजी फवाराच की. मंग त्या फवाऱ्यानं आमच्या पेशी मरत न्हाईत का?"

"काही मरू शकतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच आपण पेशी सुटीच्या आठवड्यात देतो."

अप्पांनी मान डोलावली. त्यांनी त्यातलं पहिलं वाक्य घट्ट धरलं आणि दुसरं सोडून दिलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॉम्प्युटरने अप्पांना पेशी दिल्या. गोळ्या सुरू व्हायच्या आधीच त्यांचं रक्त काढलं. नळीतून जाणारं रक्त बघत ते बसम्माला म्हणाले की, आपलं रोप टाकलं बरं का आज.

त्यांच्याबरोबरच पालमचा आदिनाथ अभ्यासात आला होता. किराणा दुकान चालवणारा, जाडजूड, आता अंगावरचे कपडे सैल झालेला. आजार तोच, ऑपरेशन तेच. त्याच्या वाट्याला नुसत्या गोळ्या आल्या. तो नशिबाला बोल लावत बसला नाही, फक्त अप्पांना म्हणाला, "तुमचं बरं निघालं तर उद्या आमच्यासारख्याला बी देतील. नीट करा अप्पा."

वालूरला आल्यावर गोळ्या सुरू झाल्या. रान शिवकांतने नांगरून ठेवलं होतं. ऐन पेरणीच्या दिवसांत अप्पा ओट्यावर बसून. खाणं म्हणजे वाटीभर भात, वाटीभर वरण, तेही दिवसातून कितीतरी वेळा. वैजयंती वाटी घेऊन समोर यायची आणि लहान मुलाला भरवावं तसं "अजून एक घास, मामा" म्हणायची. एकदा ओट्यावरच उलटी झाली, तेव्हा बन्सीधर समोर उभा होता. त्याने मान वळवली आणि विहिरीवरून पाण्याची बादली आणली. अप्पांना उलटीपेक्षा त्या बादलीची लाज वाटली.

पुढे तळहात गेले. आधी लाल झाले, मग चुरचुरायला लागले, मग कातडी निघायला लागली. तळपायांचंही तेच. ही त्या गोळ्यांची रीत आहे, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं आणि लावायला मलम दिलं होतं. पण अप्पांचं रोजचं सगळं तळहातावर होतं. आंघोळ झाली की कपाळावर भस्म, मग डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा, आणि नजर तिथे लावून बसायचं. वडिलांनी शिकवल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. आता सोललेल्या कातडीवर बेलाचं देठ टोचलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. बसम्माने जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा धुऊन, वाळवून तळहातावर घालायला दिला. अप्पांनी तो घेतला, पण देव आणि हात यांच्यामध्ये चिंधी आली, हे त्यांना फार लागलं. पूजा आटोपल्यावर ते गप्प बसून राहत. बसम्मा चुलीपाशी जाऊन पदराला डोळे पुसायची.

सुटीच्या आठवड्यात ते पुण्याला गेले. नर्सने पिशवी आणली. अप्पांनी ती उजेडात धरायला सांगितली. तांदळाच्या धुवणासारखं गढूळसर, बाकी काही नाही. पिशवीवर त्यांचंच नाव होतं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. आदिनाथ त्याच दिवशी तपासणीला आला होता. तोही पलंगापाशी येऊन उभा राहिला.

"पीक तर काईच दिसना," तो म्हणाला.

"किडे बी दिसत नव्हते," अप्पा म्हणाले. "पन हुते."

थेंब थेंब करून पिशवी संपली. तासाभराने थंडी वाजून ताप आला, अंग थडथडलं. नर्सने हे होतं म्हणून सांगितलं आणि तापाची गोळी दिली. पांघरुणात कुडकुडताना अप्पांना मनातून बरं वाटत होतं. आत काहीतरी चाललंय, असं ते बसम्माला म्हणाले. निघताना मॅडमनी बजावलं की पुढच्या सोमवारपासून गोळ्या पुन्हा सुरू. दुसरी पिशवी प्रयोगशाळेत वाढत होती, ती पुढच्या सुटीत.

सोमवार आला. बसम्माने पाणी आणि गोळ्या समोर ठेवल्या. अप्पांनी घेतल्या, असं तिला वाटलं.

खरं म्हणजे अप्पांनी त्या मुठीत धरल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे तो मेलेल्या किड्यांचा कार्डाचा तुकडा आला. एवढी मेहनत घेऊन वाढवलेलं, शिरेतून सोडलेलं, नुकतंच कामाला लागलेलं आपलं माणूस आणि त्यावर आपल्याच हाताने फवारा मारायचा? गावभर सांगत फिरलो ते काय उगाच? डॉक्टरीणबाईंनी नियम सगळ्यांसाठी लावला असणार, त्यांना रानाचा काय अनुभव, असा अप्पांनी हिशेब केला. थोड्या दिवसांनी घेऊ, पेशींचं काम होऊ दे. मग ते थोडे दिवस लांबत गेले.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. गोळ्या त्यांनी उकिरड्यावर टाकल्या नाहीत. विष इकडेतिकडे टाकणारा माणूस नव्हता तो.

तळहात बरे व्हायला लागले. नवी कातडी धरली, लाली गेली. एका सकाळी अप्पांनी लुगड्याचा तुकडा बाजूला ठेवला आणि लिंग सरळ हातावर घेतलं. पाण्याचा गारवा हाताला लागला तसे त्यांचे डोळे भरून आले. बसम्मा उंबऱ्यातून बघत होती. तिला इतका आनंद झाला की तिने वैजयंतीला शिरा करायला सांगितला. शेजारी तीन घरं वाटला.

दोनेक दिवस गेले. बसम्मा तांदूळ निवडत होती, एकदम थांबली. गोळ्या चालू असताना हात बरे होतीलच कसे? मागच्या खेपेला तर दिवस जातील तसे वाढत गेले होते. तिने वैजयंतीला विचारलं नाही, शिवकांतला विचारलं नाही. हातातलं सूप खाली ठेवलं आणि सरळ गोठ्यात गेली. गोठ्याच्या आढ्याजवळ एक कुलपाची लाकडी पेटी होती. फवाऱ्याची औषधं पोराबाळांच्या, जनावरांच्या हाती लागू नयेत म्हणून अप्पा त्या पेटीत ठेवत. किल्ली कुठे असते ते तिला माहीत होतं. नवऱ्याला कोणती गोष्ट कोणत्या जातीची वाटते, हेही तिला संसारात चांगलं कळलं होतं. पेटीत औषधांच्या बाटल्यांच्या कडेला, स्वच्छ डबीत, गोळ्या होत्या.

तिने डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ओरडली नाही.

"रानातल्या किड्याचं अन् माझ्या कुंकवाचं एकच गणित लावलंत व्हय?"

अप्पांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. कार्ड, फवारा, बन्सीधर, मेलेले किडे. तो सगळा पाठ बसम्माने हजार वेळा ऐकला होता. बोलणं ऐकून शिवकांत बाहेर आला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा बापाचा राग आला. एवढं ऑपरेशन, एवढी धावपळ, आणि हा माणूस औषध कुलपात ठेवतो. त्याने फोन काढला, मॅडमना लावतो म्हणाला. अप्पांनी त्याचा हात धरला. त्या हातात जोर नव्हता, पण शिवकांत थांबला.

"नको. त्यांला कळलं तर अभ्यासातून काढतील. माजी दुसरी पिशवी वाढायलीय तिथं. ओतून देतील ती."

त्यांची भीती खरी होती. मरणाबद्दल ते एवढे बोलत नसत, पण ती पिशवी ओतली जाईल, या विचाराने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, आजपासून घेतो गोळ्या, कुणाला सांगायचं कारण नाही. आता नियमाने घेतो. तपासणीत कुणाला काय समजणार आहे.

बसम्मा त्यांच्यासमोर बसली. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला, तो बरा झालेला तळहात उलटा करून बघितला.

"बन्सीभावजींला तुमी काय म्हनला हुता?"

अप्पांनी हात सोडवून घ्यायला बघितलं, तिने सोडला नाही.

"मारलं ते मारलं, पन सांगायचं तर होतं म्हनला हुता. चार मान्सांत. आता तुमच्या अंगातून जे कळंल ते बी खोटंच की. त्या पालमच्या दुकानदाराला काय सांगताल?"

शिवकांत ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. अप्पा त्या डबीकडे बघत होते. त्यांना ती विद्यापीठातली मुलगी आठवली, बांधावर बसून नाक पुसणारी. आदिनाथ आठवला, सैल सदऱ्यातला. मग त्यांनी शिवकांतला सांगितलं की फोन करू नको, ही फोनवर बोलायची गोष्ट नाही. सेलूहून गाडी कधी आहे, ते बघ.

निघायच्या आधी मात्र ते काठी टेकत बन्सीधरच्या घरी गेले. काय बोलले, ते दोघांनाच ठाऊक. बन्सीधर त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत आला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

मॅडमपुढे अप्पांनी डबी ठेवली. एरवी प्रश्न विचारणारा माणूस, आज एकदाच सगळं सांगून मोकळा झाला आणि मान खाली घालून बसला. मॅडमचा चेहरा कडक झाला. त्या रागावल्या, आणि का रागावू नये? गोळ्या बंद असताना उरलेलं काही वाढलं असेल तर ते परत मिळणारं नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी स्कॅन करायला लावलं.

निकालापर्यंत दोन दिवस दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत काढले. अप्पांना त्या दिवसांत मरणाची खरी भीती वाटली, आणि ती आजारापेक्षा जास्त आपल्या अकलेची वाटली. पूजेला बसले तरी नजर लिंगावर ठरत नव्हती. हात बरा होता आणि तोच खुपत होता.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. निदान आत्ता तरी नाही, मॅडम म्हणाल्या. बसम्माने हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. शिवकांत खिडकीकडे वळला. मॅडम मग खुर्ची ओढून अप्पांच्या जवळ बसल्या. कार्डाचं सगळं त्यांनी पुन्हा नीट विचारून घेतलं. किडे रानात किती दिवस राहतात, पिढी वाढवतात का, सगळं.

"तुमचं चुकलं कुठं, सांगते," त्या म्हणाल्या. "तुमचे किडे रानात राहून वाढतात. या पेशी शरीरात फार दिवस टिकत नाहीत. त्या येतात, काम करतात आणि संपतात. म्हणून तर पुन्हा पुन्हा द्यायच्या. त्या गेल्या की रान रिकामं, तेव्हा गोळीच लागते. मध्ये जागा सोडायची हे तुमचं बरोबर होतं. ती जागा आम्ही सोडलेलीच होती."

अप्पांनी वर बघितलं. "म्हंजी बारी-बारीनं."

"हो. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची."

अप्पा ते मनात बसवत राहिले. मग त्यांनी पिशवीचं विचारलं. मॅडमनी सांगितलं की पिशवी आहे, वाढतेय, आणि त्यांना अभ्यासातून काढणार नाहीत. पण त्यांनी गोळ्या सोडल्या, हे जसंच्या तसं नोंदवलं जाईल. माणसं चुकतात, हेही अभ्यासात धरलेलं असतं. लपवलं तर मात्र उत्तरच चुकतं.

एवढं झाल्यावर उठायला हरकत नव्हती. शिवकांतने सामानाच्या पिशव्या उचलल्या. अप्पा उठले नाहीत. त्यांचा तो जुना चेहरा परत आला होता.

"पन मॅडम, आता पोटात काई न्हाई म्हनता. ते कशानं? ऑपरेशननं, गोळ्यांनं, का पेशींनं?"

"एकट्या तुमच्यावरून ते नाही सांगता येणार. सगळ्या पेशंटचं मिळून कळेल."

"कवा?"

"चार-पाच वर्षं तरी लागतील."

अप्पा विचारात पडले. त्यांनी बसम्माकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"म्हंजी तवर थांबावं लागतंय," ते म्हणाले. आणि मगच उठले.

बाहेर ओळीत आदिनाथ बसला होता. अप्पांनी त्याच्या शेजारी बसून त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला की मी सुद्धा परवा एक गोळी बुडवली, सांगून टाकतो आता.

वालूरला आल्यावर डबी गोठ्यात न जाता देवघरात गेली. बसम्मा गोळी हातावर ठेवायची आणि ती पोटात गेलेली बघितल्याशिवाय हलत नसे. अप्पा तोंड उघडून जीभ दाखवत. वैजयंतीला हसू यायचं.

रोज सकाळी लिंग हातावर घ्यायच्या आधी बसम्मा त्यांचा तळहात उजेडात धरून बघू लागली. पहिले काही दिवस हात तसाच, बरा. ती गप्प राहायची, पण तिचा जीव थाऱ्यावर नसे. बेल निवडता निवडता ती पुन्हा एकदा हात ओढून बघायची. मग एका सकाळी अंगठ्याच्या मुळाशी लाली दिसली. दुसऱ्या दिवशी ती बोटांकडे सरकली, आणि बाजाराच्या दिवशी कातडीचा पहिला पापुद्रा सुटला. अप्पांनी हात आखडून घेतला.

बसम्माने तो पुन्हा ओढला. तिने पापुद्रा बघितला, बोट न लावता, आणि तिचा चेहरा उजळला.

"सोलायलंय," ती आत वैजयंतीला म्हणाली. "शिरा कर गं."

मग तिने लुगड्याचा धुतलेला तुकडा त्यांच्या तळहातावर पसरला, चारी टोकं सरळ केली, आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.